नाकावर पदर

रंगूबाईंनी नाकावर पदर धरला आणि दुसरा हात कात्रीसाठी पुढे केला. केसरीनाथांनी कात्री दिली नाही.

"जरा थांब गो," ते बायकोला म्हणाले. "एकदा हुंग. एकदाच. मंग काप."

"हुंगलेलं फूल आईला वाहू?" पदराआडून आवाज आला. "उष्टं?"

समोर निळ्या ड्रममध्ये गुलाबाचं झाड होतं, जेमतेम गुडघ्याएवढं, आणि त्यावर त्याच्या जन्मातलं पहिलं फूल. हे झाड कुठल्या नर्सरीत मिळालं नसतं. केसरीनाथांनी स्वतः एका गुलाबाचे पराग ब्रशने दुसऱ्याला लावले होते, बोंड धरलं, पिकवलं, बिया फ्रिजमध्ये सुकटीच्या डब्याशेजारी थंडीत निजवल्या आणि मग पेरल्या. झाड लहान म्हणून आलेल्या कळ्या खुडून टाकल्या. ही एक ठेवली. दापोड्यात, गोडाऊनची भिंत आणि घराची पडवी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं एक फूल आज पहाटे उमललं होतं.

केसरीनाथांनी भिवंडीच्या एका डाईंगमध्ये जन्मभर कापडाच्या शेड जुळवल्या. गिऱ्हाइकाने चिंधी दाखवायची आणि यांनी तो रंग हुबेहूब काढून द्यायचा. ही शेड त्यांनाही काढता आली नसती. कडेला जांभळट, आणि आत आत पिकल्या पपईच्या गरासारखी. पण रंगाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. याआधीही त्यांनी बियांपासून गुलाब काढले होते, सगळे दिसायला राजबिंडे आणि वासाच्या नावाने शून्य. त्यांना सुवासाचा गुलाब हवा होता. गंमत अशी की तो आला तरी त्यांना कळणार नव्हता. रंगांच्या वाफेने त्यांचं नाक डाईंगमध्येच गेलं होतं. भाकरी करपली काय आणि धूप जाळला काय, त्यांना सारखंच.

त्यांच्या गुलाबांना नाक होतं ते रंगूबाईंचं. त्या हुंगायच्या आणि 'न्हाय' म्हणून मान हलवायच्या. पण कुठल्याही झाडाचं पहिलं फूल त्या हुंगत नसत. ते एकवीरा आईचं.

"दुसरं येल तवा हुंगीन ना," त्या म्हणाल्या.

"येल का दुसरं?" केसरीनाथांनी बुंध्याकडे बोट दाखवलं. खोड खालून काळं पडत वर चाललं होतं. औषधं लावून झाली होती.

रंगूबाईंनी बुंधा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. "झाड तुमचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी न्हाय म्हना. मी न्हाय कापत."

पहाटे सून दिपालीला हळूच उठवून हुंगवता आलं असतं. तसा विचार केसरीनाथांच्या मनात येऊनही गेला होता. पण बायकोशी त्यांनी संसारात बारीकसारीक लबाड्या पुष्कळ केल्या होत्या, देवीशी एकही नाही. त्यांनी कात्री पुढे केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

कात्रीचा आवाज झाला. रंगूबाई श्वास रोखून फूल घेऊन निघाल्या, आणि मागून केसरीनाथ.

फाटकाशी ट्रेलरचा ड्रायव्हर पत्ता शोधत फोनवर बोलत होता. "हाँ सेठ, दापोडा पहुँच गया, गाला नंबर..." एवढं म्हणून तो थांबला. रंगूबाई त्याच्या समोरून गेल्या तशी त्याची मान त्यांच्यामागे वळली. फोन कानावरून खाली आला. सेठ आतून हॅलो हॅलो करत राहिला.

"चाचा," ड्रायव्हर अगदी हळू म्हणाला, "ये क्या था?"

केसरीनाथ घाईघाईने रंगूबाईंच्या मागे निघाले.

पडवीतल्या चुलीवर दिपाली सुके बोंबील भाजत होती. भाजक्या बोंबलापुढे दुसऱ्या कुठल्या वासाचा टिकाव लागत नाही, एवढं केसरीनाथांना जुन्या दिवसांतलं आठवत होतं. सासू जवळून गेली आणि दिपालीचा हात थांबला. तिने डोळे मिटून घेतले. तव्यावर धूर झाला तरी तिने बोंबील परतले नाहीत.

वास पुढे चालला होता आणि केसरीनाथ तो माणसांच्या तोंडावर बघत मागोमाग चालले होते. आपल्या हातून हे झालं यावर त्यांचा विश्वास बसेना. आता हा वास फक्त दोघांना कळायचा राहिला होता, ज्याला नाक नव्हतं त्याला आणि जिने नाक धरलं होतं तिला.

देव्हाऱ्यापाशी रंगूबाईंनी फूल देवीच्या तसबिरीपुढे ठेवलं. हात जोडायचे तर पदर सोडणं भाग होतं. त्यांनी पदर सोडला, हात जोडले, आणि इतका वेळ रोखलेला श्वास आत आला.

रोज त्या देवीशी बराच वेळ पुटपुटत असत. आज त्यांचे ओठ हललेच नाहीत. जोडलेले हात तसेच हळूहळू खाली आले. केसरीनाथ दाराशी उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने त्या उठून बाहेर आल्या. डोळे भरले होते.

"मी हुंगलं न्हाय," त्या म्हणाल्या. "आईची शपथ."

"ठावं हाय मना."

"पन तिथं काय मागायचं तेच इसरले. तशीच बसून राह्यले."

इतक्या वर्षांत केसरीनाथांनी हे कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"रोज एवढं काय मागतेस गो?"

"तुमचं नाक," रंगूबाई म्हणाल्या.