वायरीला बांधलेला कागद

डॉक्टरीणबाई पडद्याबाहेर आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "घरी यांच्याकडे कोण बघणार?"

"मी," थोरली बहीण म्हणाली.

बाकावर तिच्या शेजारी बसलेल्या धाकट्या भावानं, शिंप्यानं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतकी वर्षं आई त्याच्याकडेच होती. पण ज्याच्या हातून आईचे पाय भाजले, त्यानं कुठल्या तोंडानं 'मी' म्हणायचं?

"जखम खोल नाही. पण साखर आहे, भरायला वेळ घेईल. आणि यापुढं शेक द्यायचा नाही. कशाचाही." शेवटचा शब्द शिंप्याकडे बघून उच्चारून डॉक्टरीणबाई निघून गेल्या. पडद्याआड नर्स आईच्या पायांना पट्ट्या गुंडाळत राहिली.

आईचे कपडे आणायला म्हणून बहीण सकाळी भावाच्या घरी जाऊन आली होती. तिच्या पायाशी पिशवी होती. पिशवीत आईच्या साड्या, चष्मा, गोळ्या आणि सगळ्यांच्या वर इस्त्री.

"ही कशाला आणलीस, ताई?"

"विहिरीत टाकायला."

"माझं पोट आहे त्यावर."

"आणि आईचे पाय? अरे, लोक कॉलरला करतात इस्त्री. आईला कोण करतं?"

शिंपी खाली मान घालून म्हणाला, "शेकायची पिशवी फुटली काल. दुकानं बंद. आई म्हणे, गारठा घोट्यापासून वर चढतोय, गुडघ्यापर्यंत आला की मी संपले. रडत होती, ताई. आई रडत होती. मला काही सुचेना. मग इस्त्री तापवली, बटण बंद केलं, टॉवेलात गुंडाळली, आधी माझ्या हातावर धरून बघितली. कोमट होती. देवाशपथ, कोमट लागली."

त्यात खोटं काही नव्हतं. उभा जन्म गरम इस्त्रीखालचं कापड हातानं सारखं करून त्याचे तळहात चामड्यासारखे झालेले. त्या हातांना कळलं नाही, आणि साखरेनं बधिर झालेल्या आईच्या पायांनाही कळलं नाही. मायलेकरं सुखानं गप्पा मारत बसली. आईनं तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून त्याला भरभरून आशीर्वादही दिला. कळलं ते शेवटी नाकाला.

"तू जीव लावतोस, नाही कोण म्हणतंय?" बहिणीचा आवाज जरा उतरला. "पण तुझ्या जीव लावण्यानं एक दिवस तिचा जीव जाईल. इथून तिला मी परस्पर माझ्याकडे नेते. तू येत जा भेटायला."

"ताई, नको ना नेऊ." मशीनवर बसलं की पाठीमागून आईची बडबड चालू असायची. ती नसलेली खोली त्याला डोळ्यांसमोर आणता येत नव्हती. "तू म्हणशील ते करतो. इस्त्री मोडून टाकतो. दुसरं काही काम बघतो."

"काय करशील दुसरं? बटण तरी लावता येतं का तुला मशीन सोडून?"

इस्त्रीच्या वायरीला कंपनीचा कागद अजून लटकत होता. त्यांच्या घरात वस्तूवरचं कंपनीचं काही काढायचं नाही, ही आईची शिस्त. काढलं की वस्तू जुनी होते म्हणे. फ्रिजच्या दारावर दुकानातलं प्लास्टिक तसंच, रिमोट पिशवीत, आणि इस्त्रीला हा कागद, कडेनं करपलेला.

"हा तरी वाचला होतास का कधी?"

"ते कोण वाचतं?"

"मी वाचते. ऐक." आणि चोराला त्याचा गुन्हा वाचून दाखवावा तशी ती ठणठणीत आवाजात वाचू लागली. "'इस्त्री पाण्यात बुडवू नये. अंगात घातलेल्या कपड्यांवर फिरवू नये. झोपेत वापरू नये.'" इथं तिचा आवाज जरा डळमळला. "'इस्त्रीवर अंडी तळू नयेत. केस सरळ करण्यासाठी...'"

ती थांबली.

"वाच की," शिंपी म्हणाला.

"काही नाही. केसांचं आहे."

"कॉलेजात असताना तू केले होतेस. अर्धी वेणी गेली होती. महिनाभर डोक्याला रुमाल बांधून फिरत होतीस."

"गप बस."

पण तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग औषधांच्या वासानं भरलेल्या त्या कॉरिडॉरमध्ये दोघंही हसली. डोळे पुसावे लागतील इतकी हसली. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयनं वळून पाहिलं. बहिणीनं पदरानं डोळे पुसले, करपलेला कोपरा सरळ केला आणि पुढची ओळ हसत हसतच वाचायला घेतली.

"'वृद्ध अथवा आजारी व्यक्तींचे पाय शेकण्यासाठी वापरू नये.'"

हसू जिथल्या तिथं राहिलं.

"परत वाच," शिंपी म्हणाला.

ती वाचेना.

"उगाच नाही छापत कंपनी," शिंपी हळूच म्हणाला. "कुणीतरी केलं असणार, ताई. माझ्याआधी."

"असेल एखादा तुझ्यासारखा."

पडद्याआडून आईचा आवाज आला. पट्ट्या गुंडाळून झाल्या होत्या आणि सगळं तिच्या कानावर पडलेलं होतं.

"अगं, मग त्याच्या आईला त्याच्याकडेच राहू दिलं, का कुणी घेऊन गेलं? ते छापलंय का बघ."

बहिणीनं शिंप्याकडे पाहिलं नाही. तिनं कागद उलटला. मागच्या बाजूला त्याच सूचना तिला न येणाऱ्या कुठल्या तरी भाषेत होत्या. तरी ती एकेका ओळीखाली बोट धरून त्याही वाचू लागली.