नवसाचे बूट

“पीएचडीचं बाड जमा होईल, राजूरच्या गणपतीच्या पाया पडशील, तोवर पायात काही घालायचं न्हाई बरं का मीना. मी बोलले देवाला.” एवढं सांगून सासूबाई देवाघरी गेल्या, त्यामुळं नवस मागं घ्यायचीही सोय उरली नाही.

प्रयोग तेव्हा उरकलेले होते, म्हणून मीना घरीच अनवाणी बसून केमिस्ट्रीचा प्रबंध लिहीत राहिली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिच्या गाईडनं, नोमान सरांनी, एक प्रयोग पुन्हा करायला सांगितला आणि प्रयोगशाळेच्या दारातच तिला अडवलं. “बुटांशिवाय बिलकुल आत यायचं न्हाई. ॲसिडला नवस कळत न्हाई, मीना. अट म्हणजे अट.”

“मंग पाच वर्षं पाण्यात गेली म्हणायची, सर.”

सरांनी तिच्या पायांकडं बघितलं. “हा नवस दुसऱ्याला घेता येतो का?”

“घरातल्याच माणसाला येतो.”

“पाच वर्षं इथंच राबून राह्यली तू. तुझं घर म्हणजे हेच की.” सरांनी बूट काढून तिच्यापुढं ठेवले आणि स्वतःच्याच नियमामुळं बाहेर उभं राहून खिडकीतून सूचना देत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रबंध जमा झाला. मीनानं बूट पुसून परत आणले. “घाला सर. आता राजूरला मी जाते.”

“तू कशी? नवस तर माझ्याकडं आहे.” सरांनी बूट पिशवीत टाकले. “अट म्हणजे अट,” असं पुटपुटत ते अनवाणीच राजूरच्या रस्त्याला लागले.