चाळीस सेकंदांचा अंधार

"आई, मागे बस ना. इथे मान दुखेल तुझी," सुशांत म्हणाला.

"कशाला दुखेल? इथनं झकास दिसतंय," म्हणत शेवंती तिसऱ्या रांगेत बसलीसुद्धा. शेजारची खुर्ची थोपटून म्हणाली, "तू पण ये इकडेच."

झालं! आता दोन तास तिच्या मांडीला मांडी लावून. सुशांत नाइलाजाने बसला.

अंधेरीतलं ते साठ खुर्च्यांचं छोटं थिएटर रविवारी सकाळी अकराला भरून गेलं होतं. 'आतली कडी' हा सुशांतचा पहिला सिनेमा. थ्रिलर. मित्रांच्या जिवावर चार वर्षं रखडत पूर्ण केलेला. कलाकार आले होते, तंत्रज्ञ आले होते, चार-पाच पत्रकारही होते. नायिका श्रुतिका येऊन शेवंतीच्या पाया पडली.

"काकू, तुमच्या घाटकोपरच्या घरातलं शूटिंग मी कध्धी विसरणार नाही हं."

"मी तरी कशी विसरेन गं? हा 'साऊंड' म्हणून ओरडला की माझा पंखा बंद, फ्रिज बंद. म्हणे घरघर आत येते! घामाच्या धारा लागलेल्या, आणि तुम्ही मेल्यांनो माझं अख्खं आइस्क्रीम पातळ करून गेलात."

सगळे हसले. सुशांतला काही हसायला जमेना.

सिनेमात शेवटाकडे एक जागा होती. बंद खोलीत नायिकेला नवऱ्याचं प्रेत सापडतं आणि पडदा काळा होतो. चाळीस सेकंद नुसता अंधार आणि तिचं रडणं. ते रडणं श्रुतिकाचं नव्हतं. ते शेवंतीचं होतं, आणि शेवंतीला कुणी विचारलं नव्हतं.

श्रुतिकाने डबिंगला सात वेळा रडून पाहिलं होतं. सातही वेळा खोटं वाटलं. नेमके त्याच आठवड्यात सुशांतचे वडील, गुणाजी, गेले. गिरणी बंद पडल्यावर कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं राबलेला माणूस, चहा पिता पिता गेला. शेवंतीने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. भेटायला येणारे रडायचे आणि तीच त्यांना पाणी आणून द्यायची.

नवव्या दिवशी सकाळी सुशांत फोनवर साऊंडवाल्या किरणवर खेकसला, "अरे, कुणीतरी खरंखुरं रडणारी बाई शोध ना यार! वाट लागेल पिक्चरची!" घरात सुतक, आणि पोराचं हे चाललेलं. शेवंती बाजूलाच तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

दुपारी ती स्वयंपाकघरात गेली आणि रडायला लागली. अगदी पोटातून, "अहो, अहो" करत. दार उघडंच होतं. सुशांत धावत गेला आणि उंबऱ्याशी थबकला. आईला जवळ घ्यायचं सोडून त्याने खिशातला मोबाईल काढला. लाज नंतर वाटली. आधी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

त्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी चहा टाकला तर दूध नासलेलं निघालं. सुलक्षणामावशीने उन्हाळ्याच्या नावाने बोटं मोडली आणि खाली जाऊन नवी पिशवी आणली.

दुसऱ्या दिवशी किरणने हेडफोन लावून ते रडणं ऐकलं. "आयला! काय स्वच्छ आवाज आहे रे! कुठल्या स्टुडिओत केलंस?"

"आहे एक," सुशांत म्हणाला होता.

आणि आता थिएटरात पडदा काळा झाला. सुशांतने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याच्या आईचं रडणं साठ माणसांच्या अंगावरून फिरलं. मागे कुणीतरी नाक ओढलं. शेवंती हलली नाही. फक्त पदर तोंडाशी गेला. सुशांतला वाटलं, उठावं, पळावं, कुठेतरी तोंड लपवावं. चाळीस सेकंद संपता संपेनात.

दिवे लागले, टाळ्या वाजल्या. कलाकार पुढे उभे राहिले तशी एका पत्रकार बाईने हात वर केला. "ते अंधारातलं रडणं... काटा आला हो अंगावर. कसं केलंत?"

श्रुतिकाने माईक धरला आणि सुशांतकडे पाहिलं. आवाज आपला नाही एवढं बिचारीला ठाऊक होतं. कुणाचा, ते नव्हतं. सुशांतने तिच्या हातातून माईक घेतला.

"श्रुतिकाने... फार मेहनत घेतली त्यासाठी," तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या. त्याने चोरट्या नजरेने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. शेवंती टाळ्या वाजवत होती, सगळ्यांपेक्षा जोरात. सुशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्दी पांगल्यावर त्याने तिला जिन्यात गाठलं. "आई, थांब जरा. ते रडणं..."

"माझं होतं. स्वतःचा आवाज कळणार नाही होय मला?"

सुशांतला तिच्याकडे बघवेना. पायरीकडे बघतच तो बोलला. "चुकलो गं मी. बाबा जाऊन नऊ दिवस झालेले. तू तशी रडत होतीस आणि मी तुला धरायचं सोडून बाहेर उभा राहून मोबाईल... चोरी केली मी, आई. तुझं रडणंसुद्धा सोडलं नाही. आणि आज वर सगळ्यांसमोर खोटं बोललो. मला चपलेने मार, पण काहीतरी बोल."

शेवंतीने पदराने त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

"चोरी कसली रे?" ती म्हणाली. "मी आधी फ्रिज बंद केला, मगच रडायला बसले. घरघर नाही ना आली आत?"