सात पाण्यांची खडी

साहेबांनी काचेच्या नळीत वरून डोकावून पाहिलं. हातभर उंच नळी, तळाला काळी फुली. नळी पाण्याने भरायची आणि वरून फुली दिसली तर पाणी पास. फुली दिसत होती. इतकी स्वच्छ, की तिच्या एका टोकाचा उडालेला रंगसुद्धा दिसत होता.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"हे पाणी गाळलेलं नाही," ते म्हणाले. "हे नळाचं आहे. कुठून फिरवलंत?"

ठेकेदाराचं तोंड उतरलं. नव्या इमारतीच्या आवारात पडेल ते पावसाचं पाणी गाळूनच खालच्या तळ्यात सोडायचं, असा नियम. त्यासाठी कोपऱ्यात हा खोलीएवढा खड्डा बांधलेला, खाली खडी, वर वाळू. टँकरमधलं गढूळ पाणी एका बाजूने आत पडत होतं आणि दुसऱ्या बाजूच्या पाइपातून हे असं लख्ख बाहेर येत होतं. साहेबांची सही झाली नाही तर अख्खा खड्डा उपसून पुन्हा भरायचा, आणि तोवर बहात्तर घरांच्या किल्ल्या कपाटात.

"नाही हो साहेब, फसवाफसवी करणारी माणसं नाही आम्ही."

"हे मी रोज ऐकतो. मागच्या आठवड्यात एकाने आतून वेगळा पाइपच टाकला होता."

ठेकेदाराने वहिनीकडे पाहिलं. खड्डा तिचा. थोरल्या भावाची ही बायको. खडी-वाळूचं काम तो तिच्याशिवाय कुणाला देत नसे, आणि दिलं की तिची थट्टा केल्याशिवाय राहत नसे. आठ दिवस ती खडी धूत बसली होती. "वहिनी, खडी धुताय की तांदूळ?" असं त्याने विचारलं, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली होती, "तांदूळ दोन पाण्यांत होतात, भाऊजी. हिला सात लागतात." एका पाण्यात उरकलं असतं तर खडीचीच धूळ आज नळीत उतरली असती. आता मात्र ते धुणंच अंगाशी आलं होतं.

वहिनी हात झटकत पुढे आली.

"टँकर बंद करा," ती म्हणाली. "नळाचं असेल तर हे पाणी थांबायचं नाही. खड्ड्याचं असेल तर थांबेल."

टँकर बंद झाला. पाइपातून पाणी येतच राहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली तरी धार आपली तशीच. साहेबांची एक भुवई वर चढली ती खाली उतरायचं नाव घेईना. ठेकेदाराचा जीव टांगणीला लागला.

"वहिनी, अहो..."

"दम धरा जरा. वाळू आहे ती. प्यालेलं एकदम सोडत नाही."

सातव्या मिनिटाला धार करंगळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग नुसते थेंब. अकराव्या मिनिटाला पाइपाच्या तोंडाशी एक थेंब बराच वेळ लोंबकळला आणि पडलाच नाही.

"आता सोडा."

गढूळ पाणी धबाधबा आत पडलं. पाइप कोरडाच. थोड्या वेळाने आत कुठेतरी खळखळ झाली आणि पाणी आलं. साहेबांनी या वेळी नळी स्वतः भरली. फुली जागेवर होती, उडालेल्या रंगासकट.

साहेब हसले. "ताई, माझं चुकलं. पंधरा वर्षं खड्डे तपासतोय. इतकं चांगलं कुणी दाखवलंच नव्हतं, म्हणून संशय आला."

त्यांनी सही केली. वहिनीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती फावडं उचलून कडेची वाळू सारखी करायला लागली.

साहेबांना फाटकापर्यंत सोडून ठेकेदार उड्या मारतच परत आला. "जिंकलो की वहिनी!" म्हणत तो वाळूत उतरणार, तेवढ्यात वहिनीने त्याच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं.

तो जागच्या जागी थांबला. मग मुकाट्याने कडेच्या विटांवर बसला, बूट काढले, मोजे काढले, आणि शेजारच्या बादलीत एकेक पाय बुचकळून धुतला.

"किती पाण्यांनी धुऊ?" त्याने विचारलं.

वहिनीने दुसरी बादली त्याच्याकडे सरकवली.