तीन मॉड्यूल आणि एक कडी

दोब्रोमिलाच्या पॅचमध्ये, म्हणजे तिने कोडमध्ये सुचवलेल्या बदलात, खोट काढायला जागाच नव्हती. तो तपासणाऱ्या राडोवानची पंचाईत तीच होती.

"एक मॉड्यूल चढताना दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "तिसऱ्याला पुन्हा पहिलंच हवं! आणि पहिलं बसलंय आतून कडी लावून. मग एकमेकांची वाट बघत सगळं मशीन गपगार. आधी कडी काढायची, मग बोलवायचं."

"बरोबर आहे."

"मग घोडं अडलंय कुठे?"

अडलं होतं खालच्या ओळीत. चूक मुळात कोणत्या पॅचमध्ये शिरली हे लिहायचं, असा कर्नलवाल्यांचा, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीचा गाभा सांभाळणाऱ्यांचा, दंडकच आहे. तिथे राडोवानच्या जुन्या सहकाऱ्याचं, क्वेतोस्लावचं नाव होतं, साल दोन हजार एक.

ब्र्नो शहरातल्या त्या कोंदट खोलीत दोघांत मिळून एकच टेबल होतं. राडोवानची मुलगी तेव्हा जेमतेम महिन्याची. तो कीबोर्डवरच पेंगायचा. क्वेतोस्लाव त्याला ढोसून उठवायचा, आपल्या डब्यातला अर्धा पाव पुढे सरकवायचा आणि दोघांचं दिवसाचं काम एकाच फ्लॉपीवर घेऊन जायचा. काय दिवस होते ते! राडोवानला भरून आलं.

क्वेतोस्लाव आता एकाहत्तर वर्षांचा, खेड्यात एकटा. रोज सकाळी कर्नलची टपालयादी, म्हणजे सगळे पॅच जिथे ईमेलने येतात ती, वाचायचा. आपल्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही, एवढाच म्हाताऱ्याचा तोरा उरला होता. तो मोडायचा राडोवानला धीर होईना.

त्याने पॅचच्या वर्णनात एक वाक्य घातलं. 'मूळ चूक माझी, क्वेतोस्लावने फक्त पाठवली.'

"पण नोंदीत तर त्यांचं नाव आहे!" दोब्रोमिला म्हणाली. "आणि यादीवाले तुमची सालटं काढतील."

"काढू देत. धाड तू."

सालटं निघालीच. दुपारी फोन वाजला.

"वाचलं," क्वेतोस्लाव म्हणाला. त्याचा आवाज ओला होता.

"मनाला लावून घेऊ नकोस," राडोवान घाईने म्हणाला. खोटं आता निभावायलाच हवं होतं. "चूक माझीच होती रे."

"ते मला माहितेय, गाढवा. तुझी नोकरी तेव्हा डळमळत होती, म्हणून त्या ओळी मी माझ्या नावाने पाठवल्या आणि चोवीस वर्षं ब्र काढला नाही. पण तुला कधी कळलं?"