लाइन कुणाकडे

कोंडीरामाचा जरा डोळा लागला. लागलीच त्याचा उजवा हात ओटीवरच्या खाटेबाहेर गेला, हवेतच काहीतरी ओढू लागला आणि तो दचकून उठून बसला.

अंगणात वालाच्या शेंगा सोलणाऱ्या पुतळाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "पुन्ना?"

"पुन्ना," तो म्हणाला.

ठाकुरवाडीला घाटात रेल्वेचा सांधेवाला म्हणून, दांडा ओढून गाड्यांचे रूळ फिरवण्यात जन्म काढून तो दिवाळीच्या आधी रिटायर झाला आणि दहिवलीच्या घरी आला. आता पोटभर झोपायचं, एवढा एकच बेत होता. तर झोपच रुसली. सल्ला द्यायला दहिवलीत कुणी कंजूष नाही. दुधातून जायफळ झालं, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले, कर्जतच्या डॉक्टरची गोळी झाली. गोळीने जीभ तेवढी जड झाली, डोळे टक्क उघडेच राहिले. परवा तो चालता चालता पायरीवरून कोसळला. झोपेवाचून माणूस असाच संपतो की काय, या भीतीने पुतळाबाई रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून राही.

तेवढ्यात इद्रिस आला. कोंडीरामाच्या जागी आता तोच सांधा सांभाळत होता. आज त्याची रजा होती.

"जय भीम, दादा!"

"सलाम आलेकुम, ये रं."

दोघं पहिल्यापासून एकमेकांच्या घरचा नमस्कार करत आलेले. इद्रिस खाटेपाशी टेकला आणि त्याचं तोंड उतरलं. "डोळं किती आत गेलं, दादा! नीज येत नाय?"

"येते रं. आली का हात जातो दांड्याकडं."

म्हाताऱ्याला हसवावं म्हणून इद्रिसने निरोपाच्या दिवसाची गंमत काढली. "वयनी, तुमी आदीच हितं आलेल्या. साहेब आला, दादाला हार घातला, तोंडात पेढा कोंबला आन् हारासकट गाडीत बसवला. मी सांध्यापाशी पोचतोय तवर गाडी सुटली बी. दादा खिडकीतनं नुसता हात हलवतोय!"

पुतळाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. सांध्याला लागूनच त्यांचं क्वार्टर होतं, तिथली पद्धत तिला पाठ होती. नवा माणूस यायचा, जुन्याच्या हातातली हिरवी झेंडी घ्यायचा आणि म्हणायचा, 'लाइन माझ्याकडं. जा, नीज.' हे ऐकल्याशिवाय जुना माणूस जागचा हलत नसे. मग घरात पोर तापाने फणफणत का असेना.

"मंग लाइन कुणाकडं दिली तुमी?" तिने नवऱ्याला विचारलं.

कोंडीराम उशीकडे वळला. मग त्याने उशीखालून एक विटकी हिरवी झेंडी काढली.

"माझ्याकडंच राहिली गं."

इद्रिस ओशाळला. "चुकलं, दादा. द्या हिकडं."

कोंडीरामाने झेंडी मागे घेतली. "तू रजेवर हायस. रजेवरच्या माणसाला लाइन देत नाय."

आता या माणसापुढे काय डोकं फोडावं! इद्रिस हात चोळत राहिला. पुतळाबाई मात्र उठली. पदराला हात पुसून तिने पुढे केला.

"माझ्याकडं द्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तितं तुमच्या संगं कोण जागत व्हतं?"

तो खाटेवर ताठ बसला आणि नव्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं, "गाडी घाट उतरतेय. सांधा कवा फिरवशील?"

"आदी ती थांबल, शिट्टी दील, मंगच तिला खालची वाट. बिरेक लागून थांबली नाय तर जाऊ दे चढावाच्या आडवाटेला. चढावर आपसूक थांबते."

कोंडीरामाने मान हलवली. तिच्या हातात झेंडी दिली, पण आपली मूठ काही सोडली नाही. तो वाट पाहत होता.

उभ्या संसारात पुतळाबाईने नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं. तिने एकदा इद्रिसकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"लाइन माझ्याकडं," ती म्हणाली. "जा, नीज."

मूठ सुटली. कोंडीराम आडवा झाला, कुशीवर वळला. थोड्या वेळाने ओटीवर घोरणं ऐकू येऊ लागलं. उजवा हात छातीशी होता, तिथून हलला नाही. पुतळाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"किती वेळ निजल, वयनी?" इद्रिसने हळूच विचारलं.

"निजतील तेवडं निजू दे. उठलं का लाइन त्यांच्याकडं दीन, मंग मी निजन. मी तरी कवा निजलीय?"

इद्रिस चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता अंगणाबाहेर गेला.

गल्लीतून शेजारची मोतीबाई हंडे वाजवत आली. "पुतळाबाय, चल गं! नळ आलाय, लगीच जाईल!"

पुतळाबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर झेंडी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि आपला हंडा पायानेच पुढे सरकवला.

"माझा बी तूच भर, बाय. मी डूटीवर हाय."