आधी कोण उतरणार

सोलबी बाथरूममधून बाहेर आली तेव्हा आई कागदावर सहीच्या जागी आपला शिक्का उठवत होती. मागे नळ धो धो वाहतच होता. सोलबीने कागद हिसकावला, वाचला आणि ती भडकलीच.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"शाई ओली आहे. फिसकटेल."

कागद हॉस्पिटलचा होता. आतड्याच्या सुजेवर ज्यांना सुई लागू पडली, ज्यांचं रक्त पडायचं थांबलं, त्यांना आता सुईशिवाय राहता येतं का, ते डॉक्टरांना बघायचं होतं. निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय, ते कुणालाच सांगणार नव्हते.

"म्हणजे झोपलेलं दुखणं मुद्दाम उठवायचं?"

"उठलं तर खरी सुई परत देणारेत."

"आणि तेव्हा ती लागूच पडली नाही तर?"

"तेही लिहिलंय. पान चार."

आई म्हणजे को इनसुक. कोरियातल्या जेजू बेटाच्या त्या किनाऱ्यावर बुडी मारून शंख काढणाऱ्या बायकांत सगळ्यात दमाची. सकाळी बाकीच्या रबरी सूट घालून शेकोटीशी बसतात, इनसुक एकटी पाण्यात उतरते. लाट बघते, ओढ बघते. तिने हात केला की मगच बाकीच्या उतरतात. मग चार-चार तास पाण्यात. तिथे कुठला आलाय संडास? आणि दुखण्यात तर घडीघडी धावावं लागायचं. आजाराची दोन वर्षं ती काठावर बसून दुसऱ्यांनी आणलेले शंख निवडत होती. त्या दोन वर्षांत आई एकदाही हसल्याचं सोलबीला आठवत नव्हतं. सुईने तिला पाण्यात परत नेलं होतं.

"परत काठावर बसायचंय तुला? त्या डॉक्टरने काय पढवलंय तुला?"

"त्याने नाही. मीच विचारलं, माझ्यासारखी बाई चालेल का."

"मोठी आली शूर! सगळे पेशंट मेले का? तूच का?"

इनसुकने पेजेचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. तिखट आंबवलेल्या कोबीची, किमचीची लाल वाटी मात्र स्वतःकडे ओढून घेतली.

"जेव. उद्या कागद द्यायला जायचंय. तूही चल."

"मी कशाला? तुझा मूर्खपणा बघायला?"

"हे बघ, ही सुई जन्मभर घ्यायची की मध्ये सोडता येते, कुणालाच ठाऊक नाही. माझं काय, निम्मं आयुष्य झालं. पण एखादी कोवळी पोर असेल तर? तिने पन्नास वर्षं टोचून घ्यायचं? पाणी कसं आहे ते कुणीतरी आधी उतरून सांगायला लागतं."

"कोण पोर?" सोलबी ओरडली. "तुझी कोण लागते ती?"

इनसुक उठली. बाथरूममध्ये गेली आणि नळ बंद केला. घर एकदम गप्प झालं.

"महिना झाला, आत गेलीस की नळ सोडतेस," ती दारातूनच हळू म्हणाली. "दुखण्यात मीही सोडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."